कौसाक्का, ते वाक्य तुझं नव्हतं

कौसाक्का, तुझ्यावर एक पान लिहून द्या, असा संपादकांचा निरोप आला. फोनवर म्हणाले, "तुम्ही दोघी चौदा महिने तुरुंगात एका ब्यारकीत होतात, रत्नमालाताई. तुमच्याइतकं तिला कोण ओळखणार?" मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि कितीतरी वेळ न पेटवलेल्या गॅससमोर उभी राहिले. तुझ्याबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहिणं अवघड नव्हतं. पण तुझ्या नावावर जे शेवटचं छापून आलं, त्यातलं एक वाक्य तू कधी बोललीच नव्हतीस. ते मी घातलं होतं. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुला ते कधी कळलं नाही. आणि त्या एका वाक्यापायी तुझा लेक तुला भेटायचा थांबला.

हे सगळं आधीच सांगून टाकलं, कारण पुढे पुढे माझं धैर्य खचतं हे मला माहीत आहे. तुझ्यासमोर एकदा खचलंच होतं.

मला आत आणलं त्या दिवशी ब्यारकीत अकरा जणी होत्या. मी बालवाडीची शिक्षिका, इस्त्रीची साडी नेसलेली, हातात कापडी पिशवी. कुठे बसावं ते कळेना. तू भिंतीला टेकून पाय चोळत बसली होतीस. पहिला प्रश्न तूच विचारलास.

"कोनाची गं तू?"

मी गाव सांगितलं, वस्ती सांगितली. वस्तीवरून तुला कळलं आम्ही कोण ते. तू तुझा स्टीलचा पेला उचलून पलीकडच्या बाजूला ठेवलास. ते मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे तू पाहिलंस. मग म्हणालीस, "काय केलंस?"

"काही नाही केलं."

"बरं झालं. हितं समद्या काही न केलेल्याच हायत."

सगळ्या हसल्या. त्या दिवसात मला आलेलं तेवढंच हसू. पुढे तिसऱ्या महिन्यात मला ताप चढला, तेव्हा तोच पेला भरून तू माझ्या तोंडाला लावलास. मी आधी प्यायले, उरलेलं तू प्यायलीस. त्यावर आपण दोघी कधीच बोललो नाही. बोलायला हवं होतं का, मला अजून ठरवता येत नाही.

तुझी केस मला तू तुकड्यातुकड्यांनी सांगितलीस. आमच्याच घनसावंगी तालुक्यात, जांबेच्या पलीकडचं तुमचं गाव. मातीचं घर, वर माळवद. नवरा पिऊन यायचा आणि मारायचा. एका दुपारी माळवदावर वाळत घातलेली तूर गोळा करायला तू वर गेलीस, तो शिव्या देत मागून आला, कठड्यापाशी त्याचा तोल गेला आणि तो खाली ओट्यावर पडला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता. दिरानं पोलिसांत सांगितलं की हिनं ढकललं. गावानं दिराचं ऐकलं, कारण तू रडली नव्हतीस. पंचनाम्याला आलेल्या पोलिसालासुद्धा तू चहा विचारलास म्हणे.

तुझ्या बाजूनं एकच माणूस होता, तुझा मुलगा परमेश्वर. चोवीस-पंचवीस वर्षांचा, नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या गोडाऊनमध्ये कामाला. एक गुरुवार आड करून मुलाखतीला यायचा. काचेच्या एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला तो, मध्ये फोन. तू परत आलीस की त्याचं बोलणं जसंच्या तसं आम्हाला ऐकवायचीस. "आई, मला ठाव हाय तू काही केलं न्हाई," हे वाक्य त्यात दर वेळी असायचं. दर वेळी तू ते शेवटी सांगायचीस, जेवणानंतर गूळ खावा तसं.

ब्यारकीत लिहायचं काम सुरू झालं ते शनिवारी शिकवायला येणाऱ्या बाईंमुळे. शहरातल्या एका पाक्षिकात आतल्या लोकांसाठी एक पान ठेवलंय, तुम्हाला काय वाटतं ते बाहेरच्यांना सांगा, असं त्यांनी सांगितलं. आडनाव छापणार नव्हते. कागद आधी जेलचे साहेब वाचणार, मग बाई नेणार. बायका घाबरल्या. तू म्हणालीस, "मला येत न्हाई लिवायला. ही मास्तरीन लिवंल, मी बोलते."

तुझा पहिला मजकूर मला अजून पाठ आहे. पूर्वी तारखेला तुला गाडीत घालून अंबडला न्यायचे. मग पडदा आला. खोलीत उभं करायचं, पडद्यावर कोर्ट दिसायचं, दोन मिनिटांत पुढची तारीख. त्यावर तू सांगितलंस आणि मी एक अक्षर न बदलता लिहिलं:

"न्याय भेटंल तव्हा भेटंल. पन तारखेला आंबडला नेत होते तव्हा मी जाळीतून मोसंबीच्या बागा बघायचे. कोनाचं पानी कमी पडलं, कोनाची छाटनी राह्यली, समदं कळायचं. आता टीव्हीपुढं उभं करत्यात. मला तारीख नको. मला रस्ता द्या."

किती पत्रं आली त्यावर! बाईंनी वाचून दाखवली. अंबडच्या एका शेतकऱ्यानं लिहिलं होतं, ताई, तुम्ही पाहिलेल्या बागांपैकी एक माझी असणार, यंदा पाणी बरं आहे. तू ते पत्र मागून घेतलंस आणि उशीखाली ठेवलंस. वाचता येत नसताना रोज काढून बघायचीस.

आपलं भांडण व्हायचं ते मी माझी अक्कल चालवली की. एकदा तुझ्या बोलण्याच्या शेवटी मी घातलं, "बाहेरचे लोकही एका परीनं तुरुंगातच असतात." तुला वाचून दाखवलं.

"हे कोन म्हनलं?"

"अर्थ तोच होतो ना, आक्का."

"बिलकुल न्हाई होत. भायेरचा माणूस तुरुंगात हाय तर त्याला म्हनावं ये, हितं ऱ्हा, मी जाते त्याच्या घरी. खोड ते."

मी खोडलं. खरं सांगते, तेव्हा मला राग आला होता. मी शिकलेली, आणि ही मला शिकवते. पण तुला तुझ्या बोलण्याचं माप बराबर कळायचं. कुठे थांबायचं ते माझ्यापेक्षा तुला जास्त कळत होतं.

मग ते दुसरं लिखाण आलं. संपादकांनी बाईंबरोबर चिठ्ठी पाठवली होती: प्रत्येकीनं आपली गोष्ट सांगावी, आणि माणूस आत आल्यावर कसा बदलतो ते त्यात यावं, वाचकांना ते पाहायचं असतं. माणूस भला होता. वाईट हेतूनं लिहिलं नव्हतं. तू भिंतीला टेकून बसलीस आणि सांगायला लागलीस. मार, तूर, माळवद, सगळं. आणि शेवटी म्हणालीस, "लिव. म्या ढकललं न्हाई. पन तो मेला तव्हा मी रडले बी न्हाई. मला वाईट वाटलं न्हाई. हा गुन्हा आसंल तर मला शिक्षा द्या, पन ढकलल्याची नका देऊ."

मी पेन थांबवलं. "आक्का, हे असं नाही लिहिता येणार."

"कामून?"

"लोक काय म्हणतील? नवरा मेला आणि वाईट वाटलं नाही, असं वाचल्यावर तुझ्याबद्दल कुणाला माया वाटेल?"

"मला माया नकोय. खरं लिवायचं म्हनले व्हते ना तुमच्या बाई? हे खरं हाय."

"थोडं मऊ करू या."

"तू मऊ भाकर कर. बोलनं हाय तसं लिव."

दोन दिवस आपण बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बाई कागद न्यायला येणार होत्या. सकाळी नळाची रांग सुटल्यावर मी कोपऱ्यात बसले आणि लेख उतरून काढला. तुझं ते शेवटचं बोलणं गाळलं. त्याच्या जागी लिहिलं: "माझ्या हातून जे झालं, त्याचं ओझं मी रोज उचलते. देवानं मला तो दिवस परत दिला, तर मी वेगळी वागेन." आणि तुला वाचून दाखवताना तुझं खरं बोलणं आठवून म्हणून दाखवलं. कागदावर एक, तोंडात एक. तू खूश झालीस. माझ्या पाठीवर थाप मारलीस. "आता कशी वळणावर आली मास्तरीन!"

आक्का, मी देव मानत नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांपासून देव नाही. तुझ्या तोंडी शोभेल म्हणून मी देवाला आणलं.

अंक आला. तुझं नाव नुसतं 'कौसाबाई' असं होतं. पुढच्या गुरुवारी परमेश्वर आला, तेव्हा तू मोठ्या अभिमानानं त्याला फोनवर सांगितलंस, "मव्हं लिवलेलं आलंय पेपरात. समदं खरं खरं लिवलंय. जरूर वाच." तोच गुरुवार शेवटचा.

पुढच्या मुलाखतीला तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तू दर आड गुरुवारी सकाळी केस धुवायचीस, हिरवी साडी नेसायचीस आणि नाव पुकारायची वाट बघत दाराशी बसायचीस. इतर बायकांची नावं पुकारली जायची. जेवणाची वेळ झाली की उठून साडी बदलायचीस, घडी घालून ठेवायचीस. आधी म्हणालीस, कामावरून सुट्टी भेटली नसंल. मग म्हणालीस, लगीन जमलं असंल, पोरीकडच्यांनी सांगितलं असंल तिकडं जाऊ नको म्हणून. "जाऊ दे. त्याचं बरं व्हऊ दे." मला तेव्हा नक्की माहीत नव्हतं, पण अंदाज आला होता. दोन महिने मी तुझ्या शेजारी झोपले आणि बोलले नाही. तू माझ्या केसांना तेल लावायचीस, जटा सोडवायचीस, आणि मी तुझ्याकडे पाठ करून बसायचे. तोंड दिसत नाही म्हणून बरं वाटायचं.

मला जामीन झाला, तेव्हा तू दारापर्यंत आलीस. "परमाला भेट. म्हनावं आई चांगली हाय. येवढंच. ये म्हनू नको."

मी नवीन जालन्यात स्टेशनच्या बाजूला एक खोली घेतली. माझ्या गावी जायला मला बंदी आहे. घनसावंगी तालुक्यात कोर्टाच्या परवानगीशिवाय पाऊल ठेवायचं नाही, साक्षीदारांशी बोलायचं नाही, दर सोमवारी ठाण्यात सही. पहिल्या तारखेला अंबडच्या बसस्टँडवर उतरले, तर बाथरूमला जायचं होतं आणि मी चक्क इकडेतिकडे बघत उभी राहिले, जाऊ का म्हणून कुणाची परवानगी घेऊ ते शोधत. एक कंडक्टर म्हणाला, बाई, कोणती गाडी पाहिजे? बालवाडीत माझ्या जागी दुसरी लागली आहे. खोलीच्या मालकिणीला मी केसबद्दल सांगितलेलं नाही, म्हणून सोमवारी बाहेर पडताना दर वेळी नवीन थाप मारते. परमेश्वरचं गोडाऊन माझ्या खोलीपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. मी तिथे गेले नाही.

गेले ती संपादकांकडे. त्यांनी कौतुकानं तुझ्या लेखावर आलेली पत्रं पुढ्यात ठेवली. वीसेक असतील. बहुतेकांनी तेच वाक्य उचललं होतं. एका प्राध्यापकांनी लिहिलं होतं की एका अडाणी बाईच्या पश्चात्तापानं माझे डोळे भरून आले. त्यांत खाली एक आंतरदेशीय पत्र होतं. वळणदार, शाळेतलं अक्षर.

"माझ्या आईने मला तीन वर्षे सांगितले की तिने काही केले नाही. मी तिच्यासाठी गाव सोडले, चुलत्याशी भांडलो. तुमच्या अंकात तिने स्वतः कबूल केले आहे. चुलता तो अंक गावात दाखवत फिरतो. कृपा करून तिचे काही छापू नका."

संपादक म्हणाले, "काय करणार, मुलांना आईबापांचं खरं पचत नाही." ते वाक्य माझं आहे, हे मी त्यांनाही सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात मी तुझ्या मुलाखतीला आले, ठरवून आले. काचेपलीकडे तू बसलीस. वाळली होतीस, गालांची हाडं वर आली होती. फोन कानाला लावायच्या आधीच बोलायला लागलीस, मला नुसते ओठ दिसत होते.

"भेटला का परमा?"

"भेटला," मी म्हटलं.

आक्का, तुझा चेहरा असा झाला की सांगायचं ठरवलेलं सगळं राहून गेलं. "बरा हाय का? जेवण करतो का येळेवर?" मी म्हटलं, बरा आहे, कामाचा जोर आहे, येईल. तू म्हणालीस, "येईल ना? म्हनला का तसं?" मी म्हटलं, हो, म्हणाला. वेळ संपली, फोन बंद झाला. तू काचेवर हात ठेवून उठलीस.

ते आपलं शेवटचं बोलणं. सव्वा महिन्यानं सकाळी नळावर चक्कर येऊन पडलीस आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेलीस. मला तिसऱ्या दिवशी शनिवारच्या बाईंनी कळवलं. परमेश्वरनं जालन्यातच चार माणसं घेऊन तुला अग्नी दिला. दिरानं गावात आणू दिलं नाही. पुढच्या तारखेला कोर्टात तुझं नाव पुकारलं, कुणीतरी मृत्यूचा दाखला दिला, आणि केस बंद झाली. आरोपी मयत. तू निर्दोष सुटली नाहीस आणि दोषीही ठरली नाहीस. आता कुठलंच कोर्ट ते ठरवणार नाही. तुझ्याबद्दल शेवटचं जे काही लिहिलेलं उरलं, ते माझ्या हातचं.

दहाव्या दिवशी मी गोडाऊनवर गेले. जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर आला. टोपी काढलेली, केसांवर बियाण्याच्या औषधाची गुलाबी धूळ. तुझंच नाक, तुझंच कपाळ. टपरीच्या बाकड्यावर बसलो. मी ओळख सांगितली. तो म्हणाला, "आई लई सांगायची तुमचं. मास्तरीन आशी, मास्तरीन तशी."

मग मी सांगितलं. सगळं. तू काय बोललीस, मी काय लिहिलं, तुला काय वाचून दाखवलं. चहावर साय धरली.

"आईला ठाव व्हतं का हे?"

"नाही."

"म्हंजे मी येत नव्हतो ते कामून, हेबी तिला कळलं न्हाई?"

"नाही."

"मंग तिला काय वाटलं?"

मी म्हटलं, तुझं लग्न जमलं असेल असं वाटलं. तुझं बरं होऊ दे म्हणायची.

तो उठला. चार पावलं गेला, परत आला, आणि माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "तुमी तिला भेटल्या म्हनता ना एकदा? तव्हा कामून न्हाई सांगितलं? मला येऊन सांगितलं असतं तर मी गेलो असतो. दुसऱ्या दिवशी गेलो असतो, बाई." त्याचा आवाज चढला, टपरीवरची माणसं बघायला लागली. मग त्यानं टोपी घातली आणि गेटातून आत निघून गेला.

मी खोलीवर आले ते माझं तोंड कुणाला दाखवायचं नाही असं ठरवूनच. तीन दिवस बाहेर पडले नाही. चौथ्या दिवशी दुपारी दार वाजलं. तोच होता. आत आला नाही. चौकटीत उभा राहून म्हणाला,

"एक विचारायचं राह्यलं. ते वाक्य तुमी कुठून आनलं?"

"म्हणजे?"

"आई तसं बोलत न्हाई. मला तव्हाच कळायला पाहिजे व्हतं. कुनीतरी मनातलं लिवल्यावानी हाय ते. कुनाचं हाय?"

आक्का, चौदा महिन्यांत तूसुद्धा मला माझ्याबद्दल परत विचारलं नाहीस. काय केलंस म्हणून पहिल्या दिवशी विचारलंस, मी काही नाही म्हटलं, आणि तू ते धरून चाललीस. म्हणून आता तुलाच सांगते. त्याला सांगितलं तसंच सांगते.

माझ्या भावाची बायको शीतल. तेवीस वर्षांची. माझ्या नवऱ्यानं मला सोडल्यापासून मी भावाच्या घरी राहत होते, आणि त्या घरात आपण पाहुणे आहोत हे मी एक दिवस विसरले नव्हते. त्या दुपारी शीतलनं माहेरच्या लग्नाला जायचं काढलं. भावानं तिला मारलं आणि अनवाणी अंगणात काढलं. आईनं आतून कडी लावली. वैशाखातली दुपार. मी आतल्या खोलीत बालवाडीचं रजिस्टर भरत बसले होते. शीतल दार वाजवत होती. आईला नव्हे, भावाला नव्हे, मला हाका मारत होती. "ताई, दार उघडा. पायाला चटके बसू राह्यलेत." आई म्हणाली, उघडू नको, जरा अक्कल येऊ दे. मी रजिस्टर भरत राहिले. मुलांची हजेरी, खिचडीची नोंद. थोड्या वेळानं हाका थांबल्या. मला वाटलं, शेजारी गेली असेल. संध्याकाळी ती शेजारच्या विहिरीत सापडली, आणि तिच्या वडिलांनी भाऊ, आई आणि मी, तिघांवर फिर्याद दिली.

मी तिला मारलं नाही. ढकललं नाही. 'काही नाही केलं' हे माझं वाक्य कायद्यानं कदाचित खरं ठरेल. पण तो दिवस परत मिळाला तर मी वेगळी वागेन, हे मला ओरडून सांगायचं होतं, आणि माझ्या नावावर सांगायची हिंमत नव्हती. तू समोर होतीस. तुला वाचता येत नव्हतं. तुझ्या तोंडातून मी माझं बोलून घेतलं.

परमेश्वर ऐकत होता. मला वाटलं, थोडं तरी वितळेल. नाही वितळला. म्हणाला, "मी माफ करनार न्हाई तुमाला. पन महिन्याचं जेवन मी गावात घालनार हाय, चुलत्याच्या नाकावर टिच्चून. लोक येवोत, न येवोत. तुमी या. मारुतीच्या पारावर उभं ऱ्हाऊन सांगा, हे वाक्य मव्हं हाय, कौसाबाईचं न्हाई. गाव पेपर वाचत न्हाई, चुलता वाचून दाखवतो तेच ऐकतं. आन पेपरातबी लिवा. नाव टाकून लिवा."

माझे वकील म्हणाले, बाई, डोकं फिरलंय का? हे छापलं तर सरकारी वकील पुराव्याचं पहिलं पान म्हणून जोडतील. तुमच्याबरोबर तुमच्या भावालाही नेईल हे. आईला वयामुळे सुरुवातीलाच जामीन मिळाला, ती मावशीकडे राहते. तिला मी फोनवर सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "पोटच्या भावाच्या गळ्यात फास घालू राह्यलीस तू," आणि फोन ठेवला. परत उचलला नाही. भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. त्याला मी अंगाखांद्यावर वाढवलंय. हे लिहिताना तो मला समोर दिसतो, आणि शीतलही दिसते. दोघांपैकी कुणाकडेही बघवत नाही. यातून माझी सुटका होईल असं मला वाटत नाही. तुझी होईल तेवढी व्हावी.

काल अंबडला परवानगीचा अर्ज होता. अर्जात 'मयताशी नाते' असा रकाना आहे. वकिलांनी परस्पर मावशी लिहिलं होतं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "आरोपी क्रमांक तीन, या तुमच्या सख्ख्या मावशी का?" मी म्हटलं, नाही. वकिलांनी डोळे मिटले. "मग कोण?"

"कुणी नाही, मॅडम. तिचं बोलणं मी लिहून घ्यायचे. मी चुकीचं लिहिलं. ते तिच्या गावात जाऊन सांगायचंय."

त्यांनी अर्ज खाली ठेवला. मग सरकारी वकिलांना विचारलं, काही हरकत? ते म्हणाले, साक्षीदारांच्या गावात उतरायचं नाही एवढी अट घाला. एक दिवस मिळाला. गुरुवार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच.

तर गुरुवारी येते, आक्का. तुझ्या गावात मला कुणी ओळखत नाही. पण अंबडहून तिकडे जाणारी एसटी शीतलच्या माहेरच्या फाट्यावरून जाते, आणि तिथे पाच मिनिटं थांबते. फाट्यावरच तिच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मला उतरायची, बोलायची परवानगी नाही. मी त्यांच्या दुकानाच्या बाजूच्या खिडकीत बसणार आहे, पदर तोंडावर न घेता. त्यांनी मान वर करून पाहिलं तर मी त्यांना दिसले पाहिजे.